ऑक्टोबरात दोघांनी माथेरानला: किती पॉइंट, कोणती गाडी आणि गुडघ्याचं काय

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलं झाल्यापासून दोघंच असे कुठे गेलेलोच नाही. ऑक्टोबरात मुलं आजीकडे राहणार आहेत, दोन दिवस मोकळे मिळतायत, माथेरानला जायचं मनात आहे. नवऱ्याचा डावा गुडघा दुखतो. तिथे गाडी चालत नाही म्हणतात, मग झेपेल का? टॉय ट्रेन मिळेल का? शनिवार-रविवारी आलो तर चालेल का, आणि दोन दिवसांत किती पॉइंट होतील?

मी आणि माझे मिस्टर गेली बावीस वर्षं माथेरानला छोटं लॉजिंग-बोर्डिंग चालवतो. आठ खोल्या आहेत आणि घरचं जेवण. इतक्या वर्षांत नवी लग्नं झालेली, पंचवीस वर्षं झालेली, मुलांना पहिल्यांदाच मागे ठेवून आलेली अशी कितीतरी जोडपी बघितली. म्हणून जे सांगते ते बघून सांगते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. माथेरानला 38 पॉइंट आहेत असं सांगतात. तुम्ही चार बघा. तेसुद्धा जमले तर. आणि त्यातला एक दोनदा बघा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. हे कमी वाटेल, पण इथे पॉइंट म्हणजे कड्याच्या टोकाला कठड्याआड उभं राहून दरी बघायची जागा. दहावा पॉइंट आला की दरी तीच असते, माणसं फक्त दमलेली असतात. माथेरानची खरी चीज म्हणजे दोन पॉइंटांच्या मधली वाट. लाल मातीची, वर झाडांचं छप्पर असलेली, आणि मागून हॉर्न येणार नाही याची पूर्ण खात्री असलेली. नवराबायकोनं रस्त्याच्या मधोमध शेजारी शेजारी चालायचं, कुणी बाजूला व्हा म्हणणार नाही, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला शेवटचं कधी मिळालं होतं आठवून बघा.

गाडीबंदी हा इथला काही आजकालचा नियम नाही, जुनाच आहे. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूनं हा डोंगर चढून आले, तेव्हापासून गोऱ्या साहेबांची आणि मुंबईच्या श्रीमंतांची वस्ती इथे वाढली. धनगर, ठाकर आणि कातकरी मंडळी तर त्याआधीपासून होतीच. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान. पुढे फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडला तर इंजिनाची गाडी दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे घाटाच्या वरच्या टोकाला पार्किंग आहे त्याच्या, पुढे येत नाही. आता ई-रिक्षा सुरू झाल्यात, त्याबद्दल पुढे सांगते, तुमच्यासाठी त्या महत्त्वाच्या आहेत.

शनिवार-रविवार येऊ नका. ही विनंती समजा. शनिवारी दुपारी दस्तुरीला गाड्यांची रांग घाटात उतरलेली असते, दस्तुरीजवळून गावात येणाऱ्या छोट्या गाडीच्या, म्हणजे शटलच्या, तिकीट खिडकीवर दोन-दोन तास जातात, आणि बाजारात घोडे, माणसं, मुलं यांची एवढी दाटी होते की लाल धूळ खाली बसतच नाही. खोलीचे दरही तेव्हा चढे. मंगळवारी सकाळी या आणि गुरुवारी दुपारी जा. दोन दिवस म्हणजे दोन रात्री असं धरा. एका रात्रीत माणूस नुसता पोहोचतो आणि निघतो. रजा एकच मिळत असेल तर रविवारी दुपारनंतर या, गर्दी उतरत असते तेव्हा, आणि सोमवारचा पूर्ण दिवस तुमचा.

ऑक्टोबरातले कोणते दिवस, हेही बघून ठरवा. पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस असतो. सकाळ लख्ख, दुपारी तीनला ढग भरून येतात, गडगडाट, तासभर कोसळतो आणि संध्याकाळी सगळं धुतल्यासारखं. मला स्वतःला हे दिवस फार आवडतात, पण गुडघा दुखणाऱ्यानं जपायला हवं. पावसाळ्यातलं शेवाळ सावलीतल्या दगडांवर अजून असतं, आणि ते दिसत नाही, पाय पडल्यावरच कळतं. दुसऱ्या पंधरवड्यात वाटा वाळलेल्या असतात, हवा स्वच्छ होते, दरीतली गावं स्पष्ट दिसतात. खाली कर्जतला ऑक्टोबर हीट अंग भाजत असते, आणि इथे साधारण 800 मीटरवर झाडाखाली बसलं की दुपारीही बरं वाटतं. रात्री स्वेटर लागत नाही, शाल पुरते. दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा मात्र पूर्ण टाळा, तो शनिवार-रविवारापेक्षा वाईट.

कोजागिरी साधता आली तर साधा. इथे रस्त्यावर गाड्यांचे दिवे नसतात, त्यामुळे चांदणं म्हणजे काय ते कळतं. झाडांमधून खाली मातीवर पडलेले चांदण्याचे तुकडे दिसतात. आम्ही अंगणात मसाला दूध आटवतो, पाहुण्यांना हाक मारतो. एका वर्षी नाशिकचं एक जोडपं होतं, साठीच्या पुढचं. दूध पिऊन दोघं फाटकापर्यंत गेले आणि तिथल्या ओट्यावर बसले. मी साडेबाराला दिवे मालवायला गेले तरी तिथेच. काका काकूंना आपल्या पहिल्या नोकरीतलं काहीतरी सांगत होते आणि काकू हसत होत्या. मी दिवा तसाच ठेवून आत आले.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे हिरमोड होणार नाही. परदेशातल्या फोटोंतल्यासारखी लाल-पिवळी पानं इथे शरदात नसतात. आपलं रान बहुतेक सदाहरित, जांभूळ, हिरडा, अंजनी यांचं. पानं हिरवीच राहतात. रंग खाली बघायचे. कड्यालगतच्या मोकळ्या गवतावर सोनकीचे पिवळे ठिपके, ओल्या बांधावर तेरड्याची उरलीसुरली गुलाबी फुलं, आणि ऑक्टोबर संपत आला की गवताचा हिरवा हळूहळू सोनेरी होत जातो. फुलपाखरं या महिन्यात भरपूर. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते नीलवंत, आपल्या राज्याचं फुलपाखरू.

आता प्रवास. पुण्याहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस धरा आणि कर्जतला उतरा. तिथून मुंबईकडे जाणारी लोकल घेतली की मधे भिवपुरी रोड आणि पुढचं नेरळ. नेरळ स्टेशनाबाहेर दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी मिळते, घाट साधारण अर्ध्या तासाचा. स्वतःची गाडी आणली तरी ती दस्तुरीच्या पार्किंगमध्येच ठेवायची, त्यामुळे मी तर म्हणेन आणूच नका. घाट चढा आहे आणि वळणं अरुंद आहेत. परत जाताना दोघांपैकी एकाचं लक्ष रस्त्यावर आणि दुसऱ्याचं ड्रायव्हरवर, मग बोलणार कधी?

टॉय ट्रेनच्या बाबतीत लोकांचा दरवर्षी घोळ होतो. गाड्या दोन वेगळ्या आहेत. एक नेरळहून थेट माथेरानला येणारी, आणि दुसरी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनावरून माथेरानपर्यंतची शटल. नेरळहून येणारी पावसाळ्यात बंद असते, रुळांवर दरड येते म्हणून. कागदावर ती ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते, पण तसं धरून चालू नका. 2022 मध्ये 22 ऑक्टोबरला सुरू झाली, पुढच्या वर्षांत नोव्हेंबर उजाडला. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी नेरळ स्टेशनावर चौकशी करा. शटल मात्र पावसाळ्यातही चालू असते, तुम्हाला ती नक्की मिळेल.

नेरळची गाडी सुरू असेल तर वर येताना नाही, परत जाताना बसा. वर येताना माणसाला पोहोचायची घाई असते आणि ती गाडी अडीच तासांच्या वर घेते. उतरताना घाई नसते. आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही लाइन 1904 ते 1907 या काळात बांधून घेतली. रूळ दोनच फूट रुंदीचे, म्हणून ती डोंगराच्या अंगाला चिकटून इतकी वळणं घेऊ शकते. वॉटर पाइप, जुम्मापट्टी ही मधली स्टेशनं. बोगदा एकच आणि तोही एवढासा, इंग्रजांच्या काळापासून त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. 2005 च्या जुलैमधल्या पावसानं ही लाइन वाहून गेली होती, ती 2007 मध्ये परत सुरू झाली. 2016 मध्ये डबे घसरल्यामुळे बंद पडली, 2019 च्या पावसात पुन्हा मोडली, आणि 2022 मध्ये पुन्हा धावली. शिट्टी ऐकू आली की आमच्या गावात अजूनही म्हातारी माणसं हातातलं काम थांबवून बघतात. तिकीट खिडकीवर मिळतं, गाडी सुटायच्या थोडं आधी, तेव्हा वेळेआधी जाऊन उभं राहा.

दस्तुरीला उतरलात की तुमच्याभोवती माणसं जमतील. शटल बंद आहे, हॉटेल फार लांब आहे, चालता येणारच नाही, घोडा घ्या, आमच्या ओळखीचं हॉटेल घ्या. खूप पाहुणे तिथेच घाबरून जास्तीचे पैसे देऊन बसतात. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला तर तुमचं बुकिंगचं हॉटेलच बंद पडलंय असं सांगितलं होतं, ती बिचारी रडवेली होऊन फोन करत होती. मार्च 2025 मध्ये याच फसवणुकीविरुद्ध आमच्या गावानं बंद पाळला, यावरून समजा. सगळे घोडेवाले असे नाहीत, बहुतेक कष्टाची भाकरी खाणारी माणसं आहेत. तुम्ही एवढंच करा: प्रवेशकराची पावती घ्या, कुणाशीही काही न ठरवता पाच मिनिटं चालत अमन लॉज स्टेशनावर जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी खिडकी उघडी आहे का बघा.

चालत गेलात तर बाजारपेठ पाऊण तासावर, साधारण अडीच-तीन किलोमीटर. सामान हमालाकडे द्या, दर आधी ठरवा. चाकांची बॅग आणू नका, मातीत आणि वाटेवरच्या पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत चाकं अडकतात. खांद्याची बॅग बरी. पांढरे बूट आणि पांढरे मोजेही आणू नका, जांभ्याची लाल माती धुतली तरी जात नाही.

आता गुडघ्याचं. दस्तुरीहून बाजारापर्यंत शटल किंवा ई-रिक्षा, यात लाज वाटून घ्यायचं काही नाही. ई-रिक्षा डिसेंबर 2022 पासून आल्या, त्याआधी माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षाच होत्या. त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. आमच्या ओळखीतल्या, उभं आयुष्य त्या ओढण्यात घालवलेल्या माणसांचे खांदे मी बघितलेत. त्यामुळे ई-रिक्षात बसताना मला बरं वाटतं.

घोड्याबद्दल मी एक चूक केली होती, ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक पाहुण्याला सात पॉइंटांचा घोडा करून द्यायचे, तसा इथे प्रघातच होता. एकदा गुडघ्याचं दुखणं असलेल्या एका गृहस्थांनाही बसवून दिलं. चढताना चार जणांनी उचललं. पण रिकिबीत पाय घट्ट, गुडघा तासन्‌तास एकाच कोनात मुडपलेला, उतारावर घोडा पुढे कलला की सगळा भार त्यावर. परत आले तेव्हा त्यांना उतरताच येईना. शेवटी आमच्या ओट्याला घोडा लावला आणि दोघांनी धरून घेतलं. दुसरा सगळा दिवस ते पलंगावर आणि त्यांची बायको खिडकीत. तेव्हापासून गुडघेवाल्याला मी घोडा सुचवत नाही. बसायचंच असेल तर अर्ध्या तासाच्या वर नाही, चढणं-उतरणं ओट्यावरूनच, आणि उतारावर खाली उतरून चालायचं. पेव्हर ब्लॉकवर घोड्यांचे पाय घसरतात, ही घोडेवाल्यांचीही जुनी तक्रार आहे.

दुखऱ्या गुडघ्याला चढ त्रास देत नाही तेवढा उतार देतो. म्हणून वन ट्री हिल, गार्बेट हे पॉइंट या खेपेला सोडा. पॅनोरमाचा सूर्योदय फार नावाजलेला आहे, पण बाजारापासून पाचेक किलोमीटर, तेही अंधारात निघून. नको. त्याऐवजी खंडाळा पॉइंट. बाजारापासून जवळ आणि डोंगराच्या पूर्वेच्या कडेला. ऑक्टोबरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, सहाला खोलीतून निघा, थर्मासमध्ये चहा घ्या. आदल्या रात्री मागून ठेवलात तर कुठलंही लॉज भरून देईल. खाली ढग साचलेले असतात, त्यातून आधी डोंगरांची टोकं वर येतात आणि मग हळूहळू शेतं. नेरळची लोकल मुंगीएवढी दिसते आणि तिचा आवाज बराच उशिरा वर येतो.

संध्याकाळी लुईझा पॉइंट. बाजारापासून दीडेक किलोमीटर, वाट जवळजवळ सपाट, शेवटी थोडा उतार. तिथे काठी वापरा, बाजारात मिळते. समोर प्रबळगडाचा लांबच लांब माथा. सूर्य सव्वासहाला मावळतो, पण तुम्ही पाचलाच जाऊन बसा, आणि मावळल्यावर लगेच उठू नका. लोक सूर्य बुडाला की फोन खिशात घालून निघतात, आणि खरे रंग त्यानंतरच्या वीस मिनिटांत येतात. परतीला टॉर्च हवा, वाटेवर दिवे तुरळक आहेत.

दुसऱ्या दिवशी शार्लोट लेक. ते तळं म्हणजे आमचं पिण्याचं पाणी, त्यात पाय सोडू नका. बाजूला पिसरनाथाचं देऊळ, आमचं ग्रामदैवत. सकाळी दहाच्या आत गेलात तर दोघंच असाल. तिथून इको पॉइंट जवळ आहे, जमलं तर जा, नाही तर देवळाच्या पायरीवर बसा.

आणि पहिल्या दिवशी दुपारी कुठेही जाऊ नका. हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते आणि निम्मी तरी ऐकत नाहीत. जेवा, झोपा, चारला उठून व्हरांड्यात बसा. पहिल्या काही तासांत मुलांच्याच गोष्टी निघतात, डबा, क्लास, आजीनं औषध दिलं का. निघू द्या. घरी फोनची वेळ ठरवून टाका, रात्री आठला एकदा, आणि एरवी फोन खोलीत. रेंजही इथे धड नसते, ते या बाबतीत बरंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चालताना बघा, बोलणं आपोआप दुसरीकडे वळलेलं असतं.

लॉज निवडताना दरी दिसणारी खोली हवी म्हणून लांबचं घेऊ नका. दुखऱ्या गुडघ्याला दरवेळी बाजारापर्यंत येणं-जाणं जड जाईल. बाजारापासून दहा मिनिटांवरचं, तळमजल्यावरची खोली आणि समोर व्हरांडा, एवढं मागा. बुकिंगच्या आधी विचारा: जेवण धरून दर आहे का, खोली रिकामी करायची वेळ काय, गरम पाणी किती वाजेपर्यंत. इथे दर खालच्यापेक्षा जास्त वाटतील. सिलिंडर, भाजी, दूध, सगळं दस्तुरीहून माणसाच्या नाही तर घोड्याच्या पाठीवर वर येतं, त्याची मजुरी तुमच्या ताटात असते. आधार कार्ड दोघांचंही आणा, रोख रक्कम थोडी जास्त ठेवा, आणि गुडघ्याचा पट्टा, मलम, नेहमीच्या गोळ्या घरूनच घ्या. नगरपरिषदेचा दवाखाना आहे, पण रात्री अकराला हवी ती गोळी मिळेल असं नाही.

माकडं. खिडकी उघडी टाकून आंघोळीला जाऊ नका, खालची कडी लावली तरी वरची लावा. हातात चिक्कीची पिशवी घेऊन फिरू नका. ती आवाजावरून ओळखतात, पिशवी कुरकुरली की झाडावरून उतरलीच. चिक्की शेवटच्या दिवशी घ्या आणि बॅगेच्या तळाशी घाला. काही खायला तर देऊच नका, दिलेल्या एका घासाची किंमत मागून येणाऱ्या लहान मुलाला मोजावी लागते.

गावातून चालताना बाजारात चामड्याच्या चपलांची दुकानं दिसतील, माप बघून घ्या, टिकतात. भाई कोतवालांचं नाव वाचाल. 1942 च्या लढ्यातले आमचे हुतात्मे, 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर मारले गेले. त्यांचा जन्म इथला. तुमच्या मिस्टरांना इतिहासाची आवड असेल तर गावातल्या कुणाही जुन्या माणसापाशी विषय काढा, चहा सांगूनच बसा.

गुरुवारी निघताना नेरळची गाडी सुरू असेल तर डाव्या-उजव्या खिडकीचा फार विचार करू नका, वळणं इतकी आहेत की दरी दोन्हीकडे येऊन जाते. फक्त गुडघा सरळ करता येईल अशी कडेची जागा मिस्टरांना द्या. बाकं अरुंद असतात.